हान्सच्या नावे काहीही नाही

नाही, टाइप केलेलं चालत नाही, किती वेळा सांगू? इथल्या जर्मन कायद्याने मृत्युपत्र अख्खं स्वतःच्या हाताने लिहावं लागतं आणि आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात. मी दोन्ही करतेय, म्हणजे कुठेच अडायला नको. तू कोलोनहून दोन दिवसांसाठी आली आहेस ना, निधी? मग लॅपटॉप मिट आणि ऐक.

मी, ईप्सिता श्रीपाद करमरकर, वय २९, मूळची पुण्याची, सध्या राहणार टेस्मर होफ, खोली क्रमांक सात, असं लिहून ठेवते की माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी काही प्यायलेले नाही आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. यातलं शेवटचं मी तीनदा खोडलं. ते आज ठिकाणावर नाहीये, पण तसं लिहिलं तर कागदच बाद होईल.

१. टेस्मर होफ म्हणजे काय ते आधी लिहिते, नाहीतर बाबांना परत कळणार नाही. १६४२ साली एक व्यापारी वारला. त्याने मृत्युपत्रात गरीब विधवांसाठी हे विटांचं आवार बांधायला सांगितलं. मधे अंगण, भोवती बारा खोल्या. प्रत्येकीला एक दार, एक खिडकी, एक धुराडं. रस्त्यावरून आत यायचा बोळ एक शवपेटी बाहेर जाईल एवढाच रुंद. पुढच्या भिंती लहान विटांच्या, मागची मात्र पाडलेल्या मठाच्या विटांची. त्या एका हातात मावत नाहीत. रिकाम्या खोल्या आता शिकणाऱ्या मुलींनाही देतात. मी बाबांना फोनवर "धर्मशाळा" म्हणाले, तर म्हणाले, "मग तीन दिवसांनी खोली सोडायला सांगत नाहीत?" अजून दर रविवारी विचारतात. माझी सगळी मराठी पुस्तकं बाबांना.

२. राइस कुकर निधीला. थांब. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. तू लगेच म्हणालीस, "मग कुकर दे, सही दुसऱ्या कुणाची घे." दुसरं कोण आहे इथे? कुकर अंगणात ठेवा, ज्याला हवा तो नेईल.

३. एश्बॉर्नला राहणाऱ्या माझ्या मित्राला, सिद्धेशला, माझी सायकल. "अगं, वृद्धाश्रमात लोक साठीनंतर जातात, तू आत्ताच बुकिंग केलंस?" असं तो माझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर म्हणाला होता. सायकलचे ब्रेक लागत नाहीत, हे त्याला कुणी सांगू नये. नको, सांगा.

४. आता माझा प्रबंध. या घराचा जुना नियम असा: बाई वारली की तिच्या खोलीत जे असेल ते घराचं. दोन वर्षांपूर्वी मी त्या व्यापाऱ्याचं मूळ मृत्युपत्र वाचलं आणि जाहीर केलं की तिथे 'हाउस' नाहीये, 'हान्स' आहे. घराला नाही, एका माणसाला! हान्स म्हणजे इथला गवंडी, हे मीच ठरवलं. मागच्या भिंतीतल्या एका विटेवर कुत्र्याचा पंजा उमटलाय, तो त्याच्या कुत्र्याचा, हेही मीच ठरवलं. एकशे चाळीस पानं लिहिली त्याच्यावर. हे घर चालवणाऱ्या समितीने विश्वास ठेवला, हान्स तर कधीच मेला म्हणून नियम रद्द केला आणि सगळ्यांना कळवलं की आता तुमच्या वस्तू हव्या त्यांना द्या, तशी मृत्युपत्रं लिहून येत्या बुधवारी ऑफिसात आणा. म्हणून तर मीही लिहितेय.

गेल्या गुरुवारी तो कागद पुन्हा भिंगाखाली धरला. त्या जुन्या जर्मन लिपीत 'उ' आणि 'न' सारखेच दिसतात, फक्त 'उ'च्या डोक्यावर बारीक चंद्रकोर काढतात. ती होती. फिकट, पण होती. पहिल्यांदा वाचतानाही मला ती दिसली होती. पण मी पुण्यात मोडी शिकलेली. आमचे सर सांगायचे, "ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका, मोडीत ते नसतंच. संदर्भाने पुढे चला." मी संदर्भाने पुढे गेले. संदर्भही मीच तयार केलेला.

हान्स नव्हताच. प्रबंध कुणालाही देऊ नये.

५. आठ नंबरच्या फ्राउ टीडेमान, वय ८३. नवऱ्याचं अकॉर्डियन त्या रोज संध्याकाळी सहाला वाजवतात. मरेपर्यंत वाजवायचं आणि मग बर्लिनच्या नातीला, मेरलेला, असं त्यांनी आपल्या कागदात लिहिलंय. मी खरं बोलले की नियम परत येणार आणि अकॉर्डियन घराचं होणार. आज सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे हान्स नव्हता?"

"नव्हता."

"अरेरे. मला आवडायला लागला होता तो."

"मी गप्प राहू का?"

"किती वर्षं? मी गेल्यावर दुसरी कुणी भिंग घेऊन येईल आणि मेरलेच्या हातातून ते काढून घेतील. आल्झो, असं बघ. नियम नक्की काय आहे? मरताना खोलीत असेल ते, ना? मग ते खोलीत नको."

मी म्हणाले, नियम परत यायला महिने लागतील, तोवर तरी वाजवा.

"आणि त्याआधी मी मेले तर? तू खिडकीतून चोरायला येणार आहेस?"

त्यांनी पट्टे गुंडाळले, अकॉर्डियन त्याच्या पेटीत ठेवलं. एकदा शेवटचं वाजवा ना, म्हटलं. तर म्हणाल्या, "नाही. वाजवलं तर देणार नाही."

त्यांचं बरोबर की चूक, मला अजून कळत नाहीये. माझं चूक, एवढं कळतंय.

६. समितीला लिहिलेलं पत्र टेबलावर आहे. मी आज अकॉर्डियन बर्लिनला मेरलेकडे नेतेय; ते पोचल्याचा माझा मेसेज आला की निधीने ते ऑफिसात द्यावं, आधी नाही. माझ्या डॉक्टरेटचं काय होईल, व्हिसाचं काय होईल, माहीत नाही. त्याबद्दल कलम लिहिता येत नाही.

७. फ्राउ टीडेमानांच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत एकाच विटेची आहे. संध्याकाळी सहा वाजता पलीकडून काहीच ऐकू येणार नाही. तेव्हा निधी, तू तिकडे जा. समजूत घालू नकोस. नुसती बस.

साक्षीदार १: निधी शरदचंद्र आपटे, कोलोन
साक्षीदार २: हेल्गा टीडेमान, खोली क्रमांक आठ (मजकूर जर्मनमध्ये वाचून दाखवला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या)

सही: ईप्सिता श्री. करमरकर
टेस्मर होफ, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी सव्वाअकरा

नाही, सोबत येऊ नकोस, एकटीला उचलतं ते. आणि "अजून एकदा विचार कर" म्हणायला तोंड उघडलंयस, ते मिट. अकरा बेचाळीसची गाडी आहे. मी निघाले.