मफलरमधलं ऑर्किड

बुलढाणा,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. विमलवन्संना,
अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मनातलं ओरडून सांगता येत नाही, म्हणून आपला हा कागदच बरा. गुडघे कसे आहेत? बालाजीच्या पायऱ्या बेताने चढा.

तुमच्या भावाला जाऊन परवा आठ महिने झाले. त्यांनी कलिम्पाँगहून आणलेलं ऑर्किड अजून आहे. थंड डोंगरातलं झाड, आपल्याकडे जगायचंच नाही असं सगळे म्हणाले, पण यांनी ते कूलरसमोर ठेवून नऊ उन्हाळे काढले. वाळ्याचा गार वारा झाडाला आणि घाम मला. एवढं करून फूल मात्र एकही नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणता म्हणता माणूसच गेलं.

काल शेजारचे प्रसेनजित सर आले होते, ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. मी सांगितलं की हे दर हिवाळ्यात कुंडी आत घेत, स्वतःचा मफलर गुंडाळत, कोमट पाणी देत. सर म्हणाले, तिथेच चुकलं. दिवाळीनंतर पाणी तोडायचं आणि कुंडी उघड्यावर गारठ्यात ठेवायची, तरच हे झाड कळ्या धरतं. आता काय करू? यांना फूल बघायचं होतं. पण झाडच मेलं तर यांच्या हातचं काही उरणार नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची,
अनुपमा

देऊळगाव राजा,
२५ नोव्हेंबर

चि. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तो विटकरी मफलर मी विणलेला. लक्ष्मीकांताला लहानपणी दमा होता. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी पंधराची. थंडी पडली की मी त्याला अंगणात फिरकू देत नसे. कान बांधायचे, कोमट पाणी पाजायचे आणि विचारायचे, "थंडी वाजून राह्यली का बे तुले?" बाकीची पोरं गच्चीवर पतंग उडवायची आणि हा खिडकीतून बघायचा. मी त्याला जे केलं तेच त्याने झाडाला केलं.

चूक असेल तर ती माझी. सर सांगतात तसं कर. मला भीती वाटते, तरी कर.

मायेने आठवण काढणारी,
विमलवन्सं

बुलढाणा,
९ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न.

दीड महिना झाला, कुंडी गच्चीवर आहे. कंद माझ्या हातांसारखे सुरकुतलेत, दोन पानं गळली. आज सकाळी फार गारठा होता. मला राहवेना. तांब्याभर कोमट पाणी आणि मफलर घेऊन वर गेले. मफलर गुंडाळला, थोडा वेळ बसले आणि सोडून घेतला. पाणी तुळशीला घातलं.

वन्सं, ते रोप असून माझा जीव इतका तुटला. तुमच्यापुढे तर धाप लागलेलं सहा वर्षांचं पोर होतं. चूक वगैरे पुन्हा लिहू नका.

तब्येतीला जपा आणि माझ्यावरची माया कमी करू नका.
अनुपमा

बुलढाणा,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
शि. सा. न.

तुमच्या उत्तरासाठी थांबवत नाही. महिन्याच्या सुरुवातीला कंदांच्या बुडाशी कोंब दिसले, मग कळ्या. आज दोन फुलं उमलली. पांढरीशुभ्र, आत हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी.

पहिलं फूल दिसलं तशी मी जिन्यात जाऊन हाक मारली, "अहो, वर या. उमललं." हाक मारून झाल्यावर आठवलं. मग तिथेच पायरीवर बसून राहिले.

सर म्हणतात फुलं तीन आठवडे टिकतील. तुमच्या नातवाला, सोहमला, मोबाइलवर फोटो पाठवलाय, तो दाखवेल, पण तुम्ही प्रत्यक्ष या. ते नाहीत, निदान तुम्ही तरी बघा.

वाट बघतेय.
अनुपमा

देऊळगाव राजा,
२७ फेब्रुवारी

चि. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या सकाळच्या बसने येते. गुडघे बसच्या पायरीपाशी कुरकुर करतील, करू देत. माझ्यासाठी कुंडी खाली आणू नकोस, मी वर चढेन. त्याला कधी थंडीत गच्चीवर जाऊ दिलं नाही. आता त्याच्या झाडाजवळ सकाळच्या गारव्यात घटकाभर बसेन म्हणते.

मफलर तेवढा धुऊन ठेव. या वेळी मला लागेल.

बाकी भेटीत. आहे तशीच माया ठेव.
विमलवन्सं