मोजे घातलेलं झाड

चि. भाऊजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या पहिल्या ओळीत इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची मला शाळेपासूनची सवय आहे, तेव्हा सगळं ठीक आहे. तुमची पाठ कशी आहे? दुकानात दिवसभर वाकून चष्म्यांच्या काचा घासणाऱ्याने संध्याकाळी जमिनीवर सरळ पडावं, असं माझं म्हणणं तुम्ही कधी ऐकलं नाहीत, तरी पुन्हा लिहिते. जाऊबाईंच्या गुडघ्यांना शेक द्या. (रबरी पिशवी विकत आणू नका. जाड बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळली की तेच काम होतं.) इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुमच्या छातीत धस्स झालं असेल. तसं काही नाही. आधी पाणी प्या आणि मग सावकाश वाचा, कारण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे, आणि या वेळी तर मुद्द्यावर यायची मला घाईच नाही.

पत्र झाडाबद्दल आहे. कुठल्या झाडाबद्दल ते तुम्हाला सांगायला नको, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय शेवटचं सुचत नाही. तुम्ही दोघे भाऊ प्रदर्शनाला गेलात आणि दोन फळं घेऊन आलात. एक मामे सपोटा, बाहेरून खरबरीत तपकिरी आणि आत लालसर, आणि दुसरं ते पिवळंधमक अंडफळ. (नावात अंडं असलेलं काही माझ्या घरात शिजणार नाही, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे दादा म्हणाले, "शिजवायचं नाहीये, कापायचं आहे." मी तरी सुरी वेगळी दिली.) खाऊन झाल्यावर दोन्हींच्या बिया तुम्ही एकाच वाडग्यात धुतल्यात आणि मग कुठली कशाची ते दोघांनाही कळेना, कारण दोन्ही तपकिरी, दोन्ही गुळगुळीत, दोन्हींच्या पोटावर तसाच फिका पट्टा. दुसऱ्या कुणी दोन्ही बिया एकाच घरात लावल्या असत्या आणि वाट बघितली असती. पण तुमच्या दादांचा जन्म गोदामाच्या वजनकाट्यावर गेलेला. त्यांनी बिया तळहातावर तोलल्या आणि म्हणाले, जड ती मामे, ती माझी. तुम्ही खिशातून भिंग काढलंत आणि म्हणालात, दादा, वजनावर जाऊ नका, चकाकी बघा, मामे ही माझी. दोघांनी आपापली बी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दोघेही दुसऱ्याला फसवल्यासारखे खूश होऊन उठलात. मी वाडगा घासून ठेवला.

पुढे रोपं आली आणि तुमचं माझ्याकडे येणं म्हणजे पानांची तपासणी झाली. तुम्ही वहीत दाबून पान आणायचात, हे पट्टी घेऊन बसायचे. मामेचं पान लांब आणि फांदीच्या टोकाला झुपक्याने येतं, अंडफळाचं त्याहून आखूड, एवढं माझ्याही डोक्यात बसलं. आमचं पान आखूड भरलं की हे म्हणायचे, भिंतीची सावली आहे, ऊन मिळालं की वाढेल. तुमचं लांब भरलं की म्हणायचे, खत जास्त घालतो, सूज आहे ती. त्या नादात यांनी परसात सपोट्यांची सगळी जमातच गोळा केली. नळाजवळ चिकू लावला. कोपऱ्यात पांढरा सपोटा, ज्याची पानं हाताच्या पाच बोटांसारखी. कुंपणाला काळा सपोटा, ज्याचा गर पिकल्यावर सायकलच्या साखळीच्या वंगणासारखा दिसतो. (चव वाईट नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायची सोय नाही.) येणाऱ्याजाणाऱ्याला हे पान तोडून दाखवायचे. देठातून पांढरा चीक आला की ते झाड खरं या घराण्यातलं. चिकूला येतो, मामेला येतो, अंडफळाला येतो. पांढऱ्या आणि काळ्या सपोट्याला येत नाही, त्यांनी फक्त आडनाव लावलंय. मी एकदा म्हटलं, मग मामे आणि अंडफळ सख्खेच की, कशाला भांडता. तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं बघितलंत की मी उठून आत गेले.

आणि मग तुमच्या घरचं ते जेवण. तुम्ही पानावरून एवढंच म्हणालात, "दादा, तुमचं झाड अंडफळाचं आहे. एकदा मान्य करा आणि जेवा." हे हात धुऊन उठले. वाटेत पाऊस लागला आणि छत्री तुमच्या दाराआड राहिलेली. दोघेही भिजलो, पण परत फिरायला हे तयार नाहीत. त्यानंतर तुम्ही आला नाहीत, यांनी बोलावलं नाही. मोठ्या माणसांची भांडणं जमिनीवरून होतात, दागिन्यांवरून होतात, तशी ऐकायला तरी बरी वाटतात. आमच्या घरात दोन भाऊ पानाच्या लांबीवरून अबोला धरून बसलेत, हे मी कुणाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? विचारलं कुणी की सांगते, त्यांच्या दुकानात गर्दी असते.

यंदा झाडाला पहिल्यांदा फूल आलं. यांनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं लावली म्हणजे मामेच. अंडफळ एवढं थांबत नाही." तो शब्द पुरा केला आणि मागच्या पायरीवर मटकन बसले. श्वास पुरेना. पाय सुजलेले होते ते मला दिसत होते, पण पायांचं हे कुणाला बोलू देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. (मी म्हटलं, ते पहिल्यापासूनच आहे. डॉक्टर हसले नाहीत.) तेव्हापासून पुढच्या खोलीत खाटेवर आहेत. उशा रचून बसवते, आडवं झालं की दम लागतो. परसात जाणं बंद. झाडाची बातमी मी आणायची.

भाऊजी, तुमचं खरं होतं. हे लिहून टाकते म्हणजे हात मोकळा होईल. मामेचं फळ लहानपणापासून तपकिरी आणि खरबरीत असतं, मोठ्या चिकूसारखं, असं यांच्याच पुस्तकात आहे. आमची फळं निघाली हिरवी, तुळतुळीत, शेंड्याला टोकदार, आणि बघता बघता पिवळी पडायला लागली. आत यांचा रोज एकच प्रश्न. "रंग कसा आहे?" मी जन्मात देवापुढे आणि नवऱ्यापुढे खोटं बोललेली नाही, त्यामुळे मला सरावच नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, चष्मा आत राहिला होता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पान आड आलं. मग म्हटलं, वाढतंय हो, वाढू दे. यातलं एकही खोटं नाही, पण रात्रीच्या प्रार्थनेत माझं लक्ष लागेना.

मग धास्ती पडली ती समाचाराला येणाऱ्यांची. मागे हात धुवायला गेलेला माणूस वर बघणारच आणि आत येऊन बोलणारच. म्हणून मी यांचे जुने मोजे काढले (पायांवर आता चढत नाहीत, आणि चांगली लोकर वाया का घालवायची) आणि एकेका फळाला एकेक मोजा चढवून नाडीने बांधला. विचारलंच तर सांगायला वटवाघळं होती. भाऊजी, तुमच्या दादांच्या पायातले मोजे असे हवेत हलताना बघून मला हसू येईल असं वाटलं होतं.

शेजारचे चित्रकलेचे मास्तर मात्र वटवाघळांवर थांबणारे नव्हेत. स्टूल ठेवून चढले, नाडी सोडून मोजा खाली सरकवला आणि म्हणाले, "अहो वहिनी, हे तर अंडफळ. शाळेत आम्ही हेच समोर ठेवून पिवळा शिकवायचो." खिडकी उघडी होती. मी खालून त्यांच्या हातात उकळता चहा दिला. स्टुलावर उभ्या माणसाला चहा दिला की तो काही बोलू शकत नाही. मग खाली उतरवून सगळं सांगितलं. आत गेल्यावर यांनी विचारलंच, "मास्तर, तुम्ही बघितलंत का? रंग कसा आहे?" मास्तर बराच वेळ चप्पल शोधत राहिले. मग म्हणाले, "मला विचारू नका, मी रंगांधळा आहे." आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस. मास्तर गेल्यावर हे मला म्हणाले, "म्हणूनच यांच्या शाळेतल्या मुलांचं गवत निळं असायचं."

एक मूर्खपणा मीही केला. एक फळ उतरवलं, चहाच्या काढ्यात बुडवून ठेवलं, वर भाजलेल्या कण्या चोळल्या. तपकिरी दिसेल, खरबरीत लागेल, अंधुक उजेडात हातात देता येईल. निघालं ते पिवळं आणि काळं डागाळलेलं, पावसात सापडलेल्या चेंडूसारखं. बघून माझी मलाच लाज वाटली. पण टाकवेना. स्वयंपाकघरात उभ्यानेच, सुरीने वरचं काढून, खाल्लं. अंडं मी कधी चाखलेलं नाही, तेव्हा तसं लागतं का ते सांगू शकत नाही. कोरडं होतं, घशाशी बसत होतं, पण गोड होतं हो. उकडलेल्या रताळ्यात लोणी घातल्यासारखं. एवढ्या वर्षांत यांनी पाणी घातलेल्या झाडाचं पहिलं फळ मी चोरून खाल्लं आणि ते गोड आहे हे यांना सांगता येईना. नळ सोडून ठेवला आणि तेवढा वेळ रडून घेतलं. (पाणी वाया गेलं नाही, खाली बादली होती.)

परवा डॉक्टरांनी सगळं पथ्य काढून टाकलं. मीठ द्या, साखर द्या, म्हणेल ते खाऊ द्या. मला आधी आनंद झाला. म्हटलं, सुधारणा आहे. त्यांना सोडायला दारापर्यंत गेले, तर ते माझ्याकडे न बघता बूट घालत होते, आणि नाडी नसलेल्या बुटांना एवढा वेळ का लागतो हे मला तेव्हा कळलं.

तर पत्राचं कारण एवढंच, की आमची छत्री तुमच्या दाराआड असेल तर कुणी इकडे येणार असेल त्याच्याबरोबर पाठवा. काडी मोडली असली तरी चालेल. पोरांना आशीर्वाद, जाऊबाईंना सांभाळा, आणि देवावर भार टाका. मी टाकलाय, तो किती उचलतो ते बघायचं.

तुमची,
वहिनी

ता. क. छत्रीचं राहू द्या. तुमच्या झाडाला गेल्या वर्षापासून तपकिरी फळं लागतात हे जाऊबाईंनी मला फोनवर सांगितलंय. (त्यांना रागावू नका, मी खोदून विचारलं.) तुम्ही जिंकलात आणि वर्षभर ते पोटात ठेवलंत, एका शब्दानेही दादांना टोचलं नाहीत. म्हणूनच तुमच्याकडे मागायचा धीर होतोय. त्यातलं एक घेऊन या. देठाजवळ नखाने खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर ते नको, तोडल्यावर ते पिकत नाही. लालसर दिसलं तरच तोडा आणि हातात दाबलं जाईल इतकं मऊ होऊ द्या. पण फार वाट बघत बसू नका. मागच्या दाराने या आणि ते माझ्याकडे द्या. मी आत नेईन, आपल्या झाडाचं म्हणून त्यांच्या हातात ठेवीन आणि कापून देईन. तुम्ही मग पुढच्या दाराने यायचं, खाटेवर बसायचं आणि म्हणायचं, दादा, माझं पिवळं निघालं. एवढंच. तुमच्यासारख्या माणसाला हे किती जड आहे ते मला कळतं. खोट्याचं पाप माझ्या नावावर, ते मी देवाकडे बघून घेईन.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात यांनी हाक मारली. विचारलं, केव्हापासून काय लिहितेस. म्हटलं, हिशेब. तर म्हणाले, "हिशेब लिहिताना तू नाक ओढत नाहीस." मी पदराने नाक पुसलं. यांनी थोडा दम घेतला आणि म्हणाले, "त्याला लिही, ये म्हणावं. पिवळं असलं तरी चालेल." कुणाचं पिवळं, ते मी विचारलं नाही.