मान हलवू नका

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार, आणि सोबत थोडं भांडणही पाठवते आहे.

तू, वहिनी आणि चिमुरडी मजेत असाल. आई बरी आहे. गुडघ्याला तेल लावायचं ती विसरते आणि खापर माझ्यावर फोडते, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. तू आलास तेव्हा मागच्या खोलीची खिडकी लागत नव्हती, ती अजून लागत नाही. सुतार रोज ‘उद्या येतो’ म्हणतो. आता तो आला तर आम्हालाच चुकल्यासारखं होईल.

स्वेटर मिळाला. पुढे बटणं नाहीत, डोक्यातून घालायचा आहे, हे बघून बरं वाटलं. ते वहिनीला सुचलं असणार, तिला सांग. रंग मात्र तू निवडलास हे न सांगताही कळलं. त्या रंगात मी नुकतीच तापातून उठल्यासारखी दिसते. तरी घालते.

तुझ्या पत्रात आईच्या गुडघ्याची चौकशी आहे, स्वेटरच्या मापाची आहे, खिडकीचीसुद्धा आहे. दुकानाबद्दल एक अक्षर नाही. तू विसरलास असं मी धरून चालते आणि आपण होऊन सांगते.

काम छान चाललंय. गिऱ्हाईक मिक्सर, इस्त्री, पंखा, काय बिघडलं असेल ते घेऊन येतं. मी विचारते, काय होतंय, कधीपासून होतंय, पडला होता का, वास येतो का. मग डाव्या हाताने टाइप करून चिठ्ठी काढते, ती वस्तूला बांधली जाते आणि वस्तू आत कारागिराकडे जाते. मी लागायच्या आधी तो कारागीरच पुढे येऊन चिठ्ठ्या लिहायचा आणि सगळ्यांवर एकच मजकूर असायचा, ‘चालत नाही’. चालत असती तर लोकांनी दुकानात फिरवायला आणली असती का? आता तो माझ्या चिठ्ठ्या वाचतो आणि कधीकधी आतून ओरडून विचारतो, ‘वास कसला, रबराचा की धुळीचा?’ मला ते फार आवडतं. मी सांगते, त्याला कळत नाही, तो परत विचारतो, मी परत सांगते. दिवसभर आमचा हाच उद्योग चालतो.

मला हे काम मिळवून देणाऱ्या संस्थेने माझ्यासोबत दिलेली बाई तुला आठवत असेल. तिला मी शेपूट म्हणते, तोंडावर म्हणते, आणि ती ओ देते. तिचं काम मोठं विचित्र आहे. मला कामाला लावायचं आणि मग हळूहळू तिथून नाहीसं व्हायचं. सुरुवातीला ती काउंटरवर माझ्या शेजारी उभी असायची. मी बोलले की गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि ही लगेच माझंच वाक्य धुऊन-पुसून त्यांच्या हातात द्यायची. झालं. पुढच्या वाक्यापासून गिऱ्हाईक तिच्याशीच बोलायचं. ‘यांना सांगा, पातं अडकतंय.’ यांना म्हणजे मला. मी समोर ढळढळीत उभी.

एक दिवस मी तिच्यावर भडकले. ती रडली, मीही रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती कपाटामागे उभी राहायला लागली. मग दुकानाबाहेरच्या बाकावर बसायला लागली. आता अधूनमधून येते, लांबून बघते आणि जाते. तिला विचारलं, तुला मदत करावीशी वाटत नाही का? म्हणाली, ‘जीभ चावून बसते गं. तुझ्यापेक्षा मलाच जास्त शिकावं लागलं.’

पाटीची गंमतही तुला सांगायची राहिली. मालकांनी मोठ्या हौसेने काउंटरवर पाटी लावली होती, ‘आमच्या कर्मचारी दिव्यांग आहेत. कृपया सहकार्य करावे.’ सहकार्य म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणालाच कळेना. एका बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. एका गृहस्थांनी सुटे पैसे परत घेतले नाहीत. मी ती पाटी काढायला लावली आणि स्वतः दुसरी छापून लावली, ‘माझं बोलणं कळलं नाही तर परत विचारा. मान हलवू नका.’

कारण दादा, माझं खरं दुखणं जीभ नाही. ती जन्मापासून अशीच आहे, आमचं आता जमतं. दुखणं आहे ते लोकांच्या माना. न कळताच हलतात. समोरच्याला वाटतं, बिचारीला परत कशाला बोलायला लावा. मग तो हसून मान हलवतो आणि मी काय म्हणाले ते त्याच्या गावीही नसतं. इस्त्रीवाल्या माणसाने तेच केलं. मी त्याला सांगितलं, गुरुवारी या. त्याने मान हलवली आणि मंगळवारी आला.

तो मंगळवार तुला चांगला आठवतो. तू न कळवता आला होतास आणि दारापाशी उभा होतास. तो माणूस माझ्यावर ओरडला, ‘इथे धड बोलणारं दुसरं कुणी नाही का?’ मी तुला तेव्हाच बघितलं. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मग तू बाहेर निघून गेलास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. मी त्याला म्हणाले, ‘मी गुरुवार म्हणाले होते. तुम्ही मान हलवलीत.’ त्याला कळलं नाही. मी परत म्हणाले. तरी नाही कळलं. त्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले, खाली वाकला आणि म्हणाला, ‘परत सांगा.’ या वेळी कळलं. मग पाटीकडे बघितलं आणि जरा वरमला. गुरुवारी आला, इस्त्री चालू करून बघितली आणि मला म्हणाला, वाफ अजून कमी येते. मला म्हणाला, दादा. इकडेतिकडे कुणाला शोधलं नाही. मी पुन्हा चिठ्ठी काढली.

तू संध्याकाळी चहा पिताना एवढंच म्हणालास, ‘दुकान छान आहे.’ मी वाट बघत होते, तू काहीतरी विचारशील. तू आईला खिडकीबद्दल विचारलंस.

काल मालकांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, सोमवारपासून तू मागच्या खोलीत बस. बिलं टाइप कर. पगार तोच, खुर्ची चांगली, डोक्यावर पंखा. ‘कुणाचं वेडंवाकडं ऐकून घ्यायला नको.’ मी विचारलं, अचानक का? ते फडकं घेऊन काउंटर पुसायला लागले. काउंटर स्वच्छच होतं. मग म्हणाले, ‘तुझ्या भावाचाही फोन आला होता. त्यालाही तेच बरं वाटतं.’

हे मला पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. सकाळपासून गुडघा, स्वेटर आणि सुतार लिहीत बसले, कारण मला वाटत होतं, लिहिता लिहिता राग उतरेल. उतरला नाही.

तू हे वाईट बुद्धीने केलं नाहीस हे मला माहीत आहे. ते मला समजावू नकोस. लहानपणी सगळ्या गल्लीत माझं बोलणं एकट्या तुला कळायचं. तू नसतास तर मी मुकीच राहिले असते. पण दादा, तू माझं बोलणं सांगता सांगता तुझंही त्यात मिसळायचास. शाळेच्या सहलीला जायचं का असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी ‘हो’ म्हणाले होते. तू म्हणालास, ‘ती नको म्हणतेय, तिला त्रास होईल.’ बाईंनी तुझं ऐकलं. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले आणि तू शेजारी बसून माझी समजूत काढत होतास. तुझीही सहल बुडाली होती. मग तुझ्यावर मनासारखं रागावताही येईना. आज येतंय.

तुला माझा पाणउतारा बघवला नाही. बरोबर आहे, बघू नकोस. पण तुला बघवत नाही म्हणून मी खोलीत जाऊन बसायचं, हा कुठला न्याय? त्या माणसाने मला नको ते ऐकवलं आणि मी त्याला उत्तर दिलं. आमचा हिशेब आमच्यात मिटला. तू मात्र माझ्या मागून माझ्या मालकांशी बोललास. ओरडणं परवडलं, हे नाही.

उद्या मी मागच्या खोलीत जाणार नाही. फार तर काम जाईल. आणि मला हे काम हवं आहे. नुसतं काम नाही, तेच काउंटर हवं आहे. शेपटीला कळवलं. तिने विचारलं, मी येऊ का? म्हटलं ये, पण बाकावर बस.

उरलेलं उद्या लिहीन.

सोमवार, संध्याकाळ

दुकान उघडल्यावर मी सरळ काउंटरमागे जाऊन उभी राहिले. तिथे कारागीर आधीच येऊन उभा होता, हातात जुनं पेन घेऊन. मला बघून इतक्या झटकन बाजूला झाला की पेन पडलं. मालक बाहेर आले. एक बाई मिक्सर पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच मी बोलले, कारण मला आडोशाला जायचं नव्हतं. बरंच बोलले. तोंडाला फेस यायचा बाकी होता.

मालकांनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

मी म्हणाले, ‘मी काय म्हणाले?’

ते म्हणाले, ‘हेच की, तुला वाईट वाटलं.’

‘नाही.’

‘मग... तुला विचार करायला वेळ हवाय.’

‘नाही.’

शेपूट बाकावरून अर्धी उठली आणि परत खाली बसली. मिक्सरवाल्या बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी मालक म्हणाले, ‘खरं सांगू? नाही कळलं.’

‘कधीपासून कळत नाही?’ हे मात्र त्यांना लगेच कळलं. म्हणाले, ‘पहिल्यापासून. अर्धं कळतं, अर्धं सोडून देतो. परत विचारलं तर तुला लागेल असं वाटायचं.’

दादा, मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाने मला कामावर ठेवलं, ज्याच्या काउंटरवर माझी पाटी आहे, तो इतके महिने नुसती मान हलवत होता. मग मी कसं काम करते हे त्याला कुणी सांगितलं? तू सांगितलंस. दारातून बघून.

मी म्हणाले, ‘आता विचारा.’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले. परत विचारलं, परत म्हणाले. आता ते वाकून माझ्या ओठांकडे बघत होते. अखेर त्यांनी माझंच वाक्य मोठ्याने, एकेक शब्द चाचपत म्हणून दाखवलं, ‘मला मागे बसवायचं असेल तर माझं काम वाईट आहे म्हणून बसवा, आणि काय वाईट आहे ते मला सांगा. भावाला वाईट वाटतं, हे माझ्या कामात बसत नाही.’

‘बरोबर,’ मी म्हणाले.

त्यांनी विचार केला. म्हणाले, ‘काम वाईट नाही. वेळ लागतो. सकाळी रांग लागते, लोक वैतागतात.’ हे खरं होतं, आणि मला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, सकाळच्या गर्दीत कारागिराने पुढे येऊन नावं घ्यावीत, बिघाड मी विचारेन. कारागीर म्हणाला, ‘चालेल, पण वासाचं तूच विचार.’ मिक्सरवाल्या बाई म्हणाल्या, ‘तुमचं ठरलं असेल तर आता माझा घ्या. हात दुखायला लागले.’

मी त्यांचा मिक्सर घेतला. मालक म्हणाले, ‘राहा इथेच. पण उद्या कुणी तोंड सोडलं तर मी मध्ये पडणार नाही.’ मी म्हणाले, पडूच नका. त्यांची मान हलायला लागली, ती त्यांनी तिथेच थांबवली आणि तोंडाने म्हणाले, ‘कळलं.’

घरी येऊन मी भरपूर रडले. आईला वाटलं काम गेलं. तिला खरं काय ते सांगायला बराच वेळ लागला.

आता तुझं-माझं. तू मालकांना फोन करून माफी मागू नकोस, खुलासा करू नकोस, माझी शिफारसही करू नकोस. त्यांना जे विचारायचं असेल ते मला विचारतील. तुलाही विचारायचं असेल तर मलाच विचार.

आणखी एक. मी तुला पत्रं का लिहिते माहीत आहे? पत्रात माझी जीभ कुठे अडत नाही. इथे मी फटाफट बोलते, टोमणे मारते, तुझ्या रंगांना नावं ठेवते. ही पत्रातली बहीण तुला आवडते, तू तिची पत्रं जपून ठेवतोस, वहिनीने मला सांगितलंय. पण काउंटरमागे अडखळत, थुंकी उडवत बोलणारी जी बाई बघून तू बाहेर पळालास, तीही मीच. तिच्याशी तू किती वर्षांत बोलला नाहीस ते आठव. घरी येतोस आणि आईला विचारतोस, ‘ती काय म्हणते?’

म्हणून हे पत्र शेवटचं. येत्या रविवारी सकाळी मी तुला फोन करणार आहे. तू स्वतः उचल, वहिनीच्या हातात देऊ नकोस. मी काय म्हणते ते कळेपर्यंत ठेवू नकोस. मला घाई नाही.

यापुढे तुला पत्र न लिहिणारी,
तुझी धाकटी