मेगिनहार्ट म्हणून आलेल्या माणसाच्या नावे

मी रुओथार्ट, सरोवराकाठच्या गार्टेनबुर्गचा राजा, लिहवून घेतो की अंग विषाने काळवंडले असले तरी डोके माझे आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मनात गोंधळ आहे. पण गोंधळ म्हणजे भ्रम नव्हे, हे लेखनिकाने ठळक लिहावे.

माझा मुलगा मेगिनहार्ट सोनेरी चिलखत घालून डोंगरातल्या लिंडवुर्मला, त्या विषारी अजगराला, मारायला गेला आणि परतला नाही. बऱ्याच वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, तेच चिलखत घातलेला माणूस दारात आला. चेहरा भाजलेला, आवाज जळलेला. राणी लुइटगार्टने त्याला मिठी मारली. शस्त्रगुरू हिल्टविन म्हणाले, "महाराज, हा कुमार नव्हे. कुमार डावखुरे होते." याचा तर डावा हातच मनगटापासून नाही.

मी विचारले, "खरं सांग, तू कोण?"

"बाबा, शपथेवर सांगण्याइतकं आठवत नाही मला. अजगराच्या बिळात शुद्ध आली, तेव्हा हे अंगावर होतं."

मला तो 'बाबा' म्हणाला. मला गोडही वाटले, रागही आला.

वसंतात अजगराची पिल्ले खाली उतरली. मी लढायला गेलो आणि विष भिनले. बाकीचे पळाले, याने मला पाठीवर घेतले. तिथूनही मी विचारले, "अरे, पण तू कोण?"

"गप्प बसा हो जरा, पुढे कडा आहे!"

मेगिनहार्ट असे बोलला नसता. किंवा बोललाही असता. गेला तेव्हा त्याला मिसरूडही फुटले नव्हते.

तरी गादी, किल्ला आणि सरोवर या माणसाला, त्याचे नाव कोणतेही असो. मुलगा म्हणून देतो की उपकार म्हणून, ते मला ठरवता आले नाही.

द्राक्षमळे राणीला. तलवार हिल्टविनना. चुलतभाऊ गोझबर्ट पळताना माझाच घोडा घेऊन गेला. तो त्याला लखलाभ, दुसरे काही मिळणार नाही.

उद्या आणखी कोणी मेगिनहार्ट म्हणून आला, तर त्याला चोर ठरवू नये. आधी जेवू घालावे. निवाडा राणीने करावा. तिने दोघांनाही मुलगा म्हटले, तर दोघेही मुलगे.

हे मला वाचून दाखवले. समजले तेवढे मान्य.

रुओथार्ट (मोहोर)

साक्षीदार:
हिल्टविन. तो कुमार नव्हे, हे माझे म्हणणे कायम. सही महाराजांच्या शब्दाखातर.
लुइटगार्ट, मेगिनहार्टची आई. तो खाली घोड्यांना पाणी दाखवतो आहे.

गार्टेनबुर्ग, संत मार्टिनच्या सणाची आदली दुपार.