फाटकापासून दारापर्यंत

९ सप्टेंबर

ॲम्ब्युलन्सचं छत गेलं. ती चालवणारा दादा वाचला — चहाला उतरला होता म्हणून! हॉस्पिटलचं फाटक ते अपघात विभागाचं दार, एवढ्याशा रस्त्यात उभ्या गाडीला गाठलं ड्रोननं. आवाज मिक्सरसारखा, मग धडाम. आकार जेवणाच्या ताटाएवढा.

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. "इमारतीची देखभाल तुमच्याकडे ना? मग बघा काहीतरी." नळ गळला तरी असंच म्हणतात.

सिग्नल जाम करणारी यंत्रं सैन्याकडे आहेत. आम्हाला मिळणार नाहीत. विचारून झालं.

१० सप्टेंबर

दादाला विचारलं, तुला गाडी चालवताना काय हवं? "डोक्यावर काहीतरी दे. पत्रा, चादर, काहीही."

पत्रा जड, रस्त्याकडेचे खांब पेलणार नाहीत. चादर पहिल्या वाऱ्यात उडेल. दुपारभर डोकं चालवलं. ड्रोनला पंखे असतात. पंख्यात दोरा गेला की पंखा बंद. जाळं!

१३ सप्टेंबर

मिळालं. तळ्यावरच्या मासेवाल्यानं सगळी जुनी जाळी देऊन टाकली. "तळ्यात उतरायला बंदी आहे. आता काय उशाला घेऊन झोपू?"

वास असा की गल्लीतल्या मांजरांनी फाटकावर सभा भरवली.

वहिनीच्या स्वाधीन केली. ती हॉस्पिटलच्याच धुलाईखान्यात. नाकाला पदर लावून म्हणाली, "वन्सं, चादरी धुवायला ठेवलंय मला. मासळीबाजार नाही." मग हौदात साबण ओतलाच.

१७ सप्टेंबर

हॉस्पिटलच्या गच्चीपासून समोरच्या खांबांपर्यंत तारा ताणल्या. त्यावर जाळं, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत. रस्ता म्हणजे बोगदाच झाला. फाटकाकडचं तोंड उघडं.

मुठीपेक्षा मोठं भोक दिसलं की शिवायचं, असं ठरवलं. वहिनी दाभण आणि सुतळी घेऊन स्टुलावर. दादा खालून सूचना करतोय. "टाके बारीक घाल." तिनं वरून बघितलंही नाही. "तुमच्या शर्टाची बटणं लावते तेव्हा नाही सुचत हे?"

१८ सप्टेंबर

वारा. अर्धं खाली आलं.

२२ सप्टेंबर

पुन्हा बांधून झालं. ऊन खाली चौकटी-चौकटींनी पडतं. स्ट्रेचरवरच्या एका आजोबांनी वर बघून विचारलं, "मला पकडून कुठे नेताय?" वॉर्डबॉय हसत सुटला. आजोबा नाही हसले.

२७ सप्टेंबर

पारवा अडकला. वहिनीनं कात्रीनं सोडवला, बोटाला चोच मारून गेला. भोक शिवलं.

१ ऑक्टोबर

नवीनच. ड्रोन आता वरून येतच नाहीत. खाली रस्त्याला लागून येतात, उघड्या तोंडातून आत शिरायला बघतात. काल पलीकडच्या रस्त्यावर एक चक्क जमिनीवर बसून होता. गाडी आली तसा उठला. ड्रायव्हर गेला. दादाच्या ओळखीचा.

तोंडाला पडदा हवाच. दादा भडकला. "पडदा उचलेपर्यंत थांबायचं कोणी? मी? थांबलो की गेलो!"

"आणि आत शिरला तर? बोगद्यात पळणार कुठे तू?"

"तू कधी चालवलीयस गाडी?"

नाही चालवली. त्याचंही खरं, माझंही खरं. वहिनी ऐकत होती. म्हणाली, "भांडा तुम्ही बहीणभाऊ. पडदा मी उचलीन."

मी मान डोलावली. दुसरं माणूस नव्हतं. — नव्हतं असं नाही. मी होते.

२ ऑक्टोबर

वहिनी दिवसभर तोंडाशी उभी. गाडी दिसली की दोरी ओढते. कामाचा कोट घातलाय, पांढरा! लांबून दिसेल असा. बदलायला सांगितला. "मळखाऊ रंग धुलाईखान्याला शोभतो का?" म्हणाली, पण बदलला.

मला दिवसभर खिडकीपाशी काही ना काही काम निघालं.

४ ऑक्टोबर

तळघरात आग विझवायचे जुने पाइप सापडले, कापडी, रबरी अस्तराचे. कापून तोंडाला लांब पट्ट्या लोंबत्या सोडल्या, शीतगृहाच्या दाराला असतात तशा. गाडी न थांबता आरपार जाते, पट्ट्या मागे आपोआप मिटतात.

दादानं तीनदा जाऊन-येऊन बघितलं. "आधी नाही सुचलं तुला?"

नाही सुचलं.

वहिनी परत धुलाईखान्यात. रात्रीची झोप लागली.

९ ऑक्टोबर

आज अडकला एक! दादा पेशंट घेऊन आत शिरला, मागोमाग हा, तोंडाशी पट्ट्या म्हणून पुन्हा वरून आला. नेमका गाडीच्या वर जाळ्यात. पंखे घरघरले, सुतळी गुंडाळली, गप्प. फुटला नाही. नुसता लोंबत राहिला, पोटाला बांधलेला गोळा दिसत होता.

पेशंटला आत घेतलं. सगळे भिंतीआड. बॉम्ब निकामी करणारे आले, उतरवून घेऊन गेले.

दादा म्हणाला, "मासा लागला गं!" हसला. मग छतावर चढून जाळ्याला पडलेलं भोक मुठीनं मोजलं.

मोठे डॉक्टर: "छान. मागच्या दाराचंही बघा."

१५ ऑक्टोबर

तोफा जवळ ऐकू येतात. जे पेशंट हलवण्यासारखे आहेत त्यांना नदीपलीकडे न्यायचं ठरलं. दादाच्या खेपा सुरू. वहिनीनं डबा दिला, तो गाडीत राहिला तसाच. विचारलं तर म्हणे, पुलावर भूक लागत नाही.

१७ ऑक्टोबर

पूल पडला. दादा पलीकडे पोचला होता. फोन आला, मधेच तुटला. "मी बरा आहे. हिला सांग —" एवढंच.

काय सांगायचं होतं ते वहिनी मला पुन्हा पुन्हा विचारते. म्हटलं, काळजी करू नको म्हणाला. खोटं. पण तो तेच म्हणाला असता.

१९ ऑक्टोबर

आमचे सैनिक गेले. कुणी सांगायला आलं नाही. सकाळी चौकी रिकामी होती, चूल गरम. मोठे डॉक्टर रात्रपाळीच्या नर्सला म्हणाले, "आपल्या ड्यूट्या आहेत तशाच चालू राहतील." मीही मागच्या दाराचं जाळं बांधायला घेतलं.

२१ ऑक्टोबर

ते आले. फाटकावरचा झेंडा बदलला. त्यांचा अधिकारी पट्ट्या बाजूला सारून बोगद्यात शिरला, वर बघत दारापर्यंत चालत आला. कुणी बांधलं, विचारलं. मी पुढे झाले. वाटलं, काढायला लावणार.

"काढू नका," म्हणाला. "आजपासून ड्रोन नदीपलीकडून येतील."

नदीपलीकडून. म्हणजे आमचेच.