डोळे मिटा, वास घ्या

४ जानेवारी २०२६, रविवार

घ्या! आमचं गुलाब मंडळ गेलं फोनमधी!

मेहकरच्या वाचनालयात छताचं प्लास्टर पडलं. दुरुस्ती होईपर्यंत सभा व्हिडिओ कॉलवर — अध्यक्ष शेषरावभाऊंचा हुकूम. मी भांडली. म्हटलं, "भाऊ, गुलाबाचा वास का फोनमधून येते काय?" भाऊ म्हणे, "ताई, रिवाज मोडायचा नाई. बाकी पाहू."

रिवाज म्हणजे — ज्याची पाळी त्यानं आपलं फूल आणलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, त्या फूलवाल्यानंबी. फूल नाकाजवळून फिरवायचं अन् वास शब्दांत सांगायचा. डोळे उघडे असले की माणूस रंगालेच भुलते, असं भाऊंचं म्हणणं. आता फोनवर काय? एकट्या फूलवाल्यानं हुंगायचं, अन् बाकीच्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकायचं! पंजाबरावांनी तर सवयीनं नाक फोनलेच लावलं. स्क्रीनभर नाकपुड्या! मी डोणगावात माह्या पलंगावर लोळून लोळून हसली.

११ जानेवारी

नवा माणूस आला मंडळात. नागसेन. जळगाव जामोदले तहसीलात कारकून आहे, पंजाबरावांच्या ओळखीचा. "इतक्या दूरून कधी येताच आलं नसतं, फोनवर झालं म्हणून जमलं," म्हणे.

त्यानं लाल गुलाब हुंगला अन् म्हणाला, "नव्या पुस्तकाचं पान उघडावं अन् शेजारच्या घरी कोणीतरी लिंबू कापावं, तसा वास आहे."

कोण माणूस असं बोलते! मी एक डोळा उघडला. फक्त एक. तो डोळे मिटूनच बोलत होता. कान मोठे आहेत. केस पिकले आहेत. बरा आहे.

१८ जानेवारी

आज पंजाबरावांच्या फुलाची पाळी. मी मुद्दाम दोन्ही डोळे उघडे ठेवले. तर नागसेनच्या चौकटीत नुसता पंखा! फोन घसरला होता त्याचा. मागून त्याच्या आईचा आवाज — "अरे नागसेन, दूध उतू गेलं ना!"

शिव्या द्याव्या वाटल्या त्या दुधाले.

१९ जानेवारी

वर्गात पोरं विचारतात, "मॅडम, तुमी काऊन हसून राह्यल्या?" मी म्हटलं, पाढे म्हणा!

२५ जानेवारी

लिहू का नको!

आज माह्या पिवळ्या गुलाबाची पाळी होती. रिवाजाप्रमाणे मी डोळे मिटून सुरू केलं. मधीच वाटलं, पाहू तरी कोण ऐकते कोण नाई. पाह्यलं. शेषरावभाऊ डोळे मिटून मान डोलवत होते. पंजाबराव बहुतेक झोपले होते. अन् नागसेन — टक्क उघडे डोळे! सरळ माह्याकडे! (आता फोनमधी कोण कोणाकडे पाहते ते कसं कळते? कळते! मले कळलं!)

माह्या तोंडून निघालं, "वास... चांगला आहे."

भाऊ म्हणे, "बस? इतकंच?" मी नेटवर्क गेल्याचं सोंग करून फोनच बंद केला.

मग त्याचा मेसेज. "मॅडम, तुम्ही रिवाज मोडला."

मी लिहिलं, "तुम्हीबी मोडला."

"मी तर पहिल्याच दिवशी मोडला."

अगं आई गं! चहात साखर टाकली का मीठ, आठवत नाई. पिऊन टाकला.

२९ जानेवारी

आता रोज बोलणं होते. तो हसवते. मी हसवते. आज मात्र म्हणाला, "याल का एखाद्या रविवारी? माह्यानं निघणं होत नाई. आईले चालता येत नाई, शेजारीण फक्त कचेरीच्या वेळेत बसते, एकटं सोडता येत नाई."

जन्मभर साऱ्या गावाले ठणकावून सांगत आली की मले लग्न नाई करायचं, मी अशीच बरी आहे. आता कोणत्या तोंडानं बस पकडू? पाहू म्हटलं, अन् गुलाबाच्या खताचा विषय काढला. भित्री कुठली!

१ फेब्रुवारी

छत झालं. मेलं ते छत!

पुढच्या रविवारपासून सभा वाचनालयात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "फोनवर काय वाईट आहे?" भाऊ म्हणे, "अवं ताई, सगळ्यात जास्त तर तुम्हीच भांडल्या होत्या!"

मग म्हणे, फोनवरच पाहिजे त्यानं हात वर करा. दोनच हात. माहा अन् त्याचा. सगळ्यांनी पाह्यलं. पंजाबराव खोकले — मुद्दाम!

भाऊ मनाचे चांगले. म्हणे, "नागसेनभाऊसाठी एक फोन खुर्चीवर ठेवू." म्हणजे तो खुर्चीवर फोनात, अन् मी पलीकडच्या खुर्चीवर चारचौघांत, हातात बिस्किट. डोळे कायले मिटा अन् कायले उघडा? फोन ठेवून रडली. खरंच रडली. इतका जीव लागला मले, अन् कळलंबी नाई.

५ फेब्रुवारी

जळगाव जामोदले जायचं तर खामगावले बस बदलावी लागते म्हणे. सहज विचारलं.

८ फेब्रुवारी, जळगाव जामोद

सभा भरली. शेषरावभाऊंचा आवाज आला, "दीपमालाताई आल्या नाई काऊन?" तेवढ्यात नागसेनची चौकट उघडली, अन् तिच्यात आम्ही दोघं.

वाचनालयात सगळे फोनवर वाकले! मग पंजाबराव म्हणे, "अबे, हे तर दोघं झाले!"

पलंगावरून त्याची आई गीताबाई ओरडल्या, "दोघं काय, मीबी आहे ना! इकडे फिरव वो सूनबाई, मलेबी दाखव!"

सूनबाई! भर मंडळात!

अन् मी फोन फिरवला.