गव्हाचं पाणी

४ एप्रिल १९७८
कोराडीला पोचले. वीजकेंद्राच्या कॉलनीतली मेस चालवणाऱ्या प्रेमलताबाईंनी त्यांच्या क्वार्टरमागची खोली दिली. नळ आहे, पुस्तकांना फळीसुद्धा आहे. हे गेल्यापासून इतकी नीटनेटकी जागा पहिल्यांदाच मिळाली. कॉलनीतल्या बायकांच्या उन्हाळी कुरडया मी करायच्या. जमल्या तर मेसमध्ये कायमचं काम, नाहीतर परत दिराच्या दारात. कामाला मी भीत नाही. संध्याकाळी गहू भिजत घातला.

६ एप्रिल
गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर तो कुजतो. आज हात घातला आणि आंबूस, गोडसर वास आला. साखरेच्या आजारात यांचा पाय चिघळला, तेव्हा असाच वास यायचा. पट्टी मी रोज बदलायची. नाकाला पदर लावून, पण रोज. तरी मन विचारतं, एखादा दिवस राहिला का? दुपारभर पुस्तक उघडं होतं. पान तेच.

७ एप्रिल
दाणा चिमटीत दाबला की पांढरा चीक सुटतो. मग गहू तयार. आज सुटला. पण वास जाईना. पाणी बदललं. बदललं ना? पुन्हा बदललं. शेजारच्या तुळसाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वं बाई, गहू भिजवून राहिली का नवरदेवाले न्हाऊ घालून राहिली?" मग माझं बिनकुंकवाचं कपाळ दिसलं आणि त्यांनी जीभ चावली. वास येतो का, विचारलं. म्हणाल्या, आंबणाचा येते, अत्तराचा कुठून येईन?

९ एप्रिल
गहू वाटला नाही. कुजलेला निघाला तर? कॉलनीतली पोरं खातील. प्रेमलताबाई चिडल्या. उद्या चीक शिजला नाही तर गाठोडं बांधा म्हणाल्या. भातालाही तोच वास. ओकले.

१० एप्रिल
गहू फेकला. भांडं राखेने घासलं, उन्हात पालथं घातलं. तरी येतोच. फळीवरच्या पुस्तकांना, पदराला. प्रेमलताबाईंनी उद्याची बस सांगितली आहे. हात सारखे पाण्यात — बोटं पांढरी, फुगलेली. करंगळी चिरली, फडकं बांधलं. एखादा दिवस राहिला का? राहिला का?

११ एप्रिल
गाठोडं बांधलं नाही. वास माझाच —
करंगळीचं फडकं सोडलं. कातडी गव्हाच्या टरफलासारखी सुटली. चिमटीत दाबून पाहिली.
पांढरं. घट्ट.
दुखत नाही.
पट्टी आज राहू द्यायची नाही. आधी पाणी बदलते, मग दुसरं बोट दा—